सदूने कबूल करायचं ठरवलं

जेलमधून आठवड्याला एकदा फोन येतो, आणि तो नेमका आवडाबाईचे दोन्ही हात पिठात असतानाच येतो. त्या रविवारीही ती भाकऱ्यांचं पीठ मळत होती, म्हणून सुनेने, सुचिताने, फोन स्पीकरवर टाकून मसाल्याच्या डब्यावर ठेवला. सदूचा आवाज साऱ्या घरात घुमला. साऱ्या घरात म्हणजे दोन्ही घरांत. थोरला विठोबा आणि धाकटा सदू यांचं घर मुळात एकच. पंधरा वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या तेव्हा मधे भिंत घातली, पण गवंड्याने ती वरपर्यंत नेलीच नाही, हातभर जागा मोकळी सोडली. विटा संपल्या म्हणाला. तेव्हापासून या घरात कुणाला काही लपवायचं असेल तर शेतावर जावं लागतं.

"बुधवारी मला उभा करणार," सदू सांगत होता.

"कोर्टात आणणार?" आवडाबाईने विचारलं.

"न्हाय गं. टीव्हीवर. हितंच एक खोली हाय, तिथं कॅमेऱ्यासमोर उभा करतात. तिकडून साहेब विचारतो, गुन्हा कबूल हाय का? मी ठरवलंय. कबूल बोलून टाकतो."

"काय कबूल?"

"चुकलो म्हणून! एकदा चुकलो म्हटलं की इषय संपला. गणपतीला तीन आठवडे राहिले, मी येतोच घरी. गोठ्यावरचा पत्रा बांधला काय रं ओंकार?"

पत्रा बांधला की नाही हे कळायच्या आत फोन कटला. पाच मिनिटं झाली की कटतोच. आवडाबाई पिठाचे हात तसेच धरून बसून राहिली. साठीला आलेल्या या माणसाशी लग्न करून आपण नेमकं काय मिळवलं, असा प्रश्न तिला वर्षातून दोनतीनदा पडतो. आज पुन्हा पडला.

आता हा माणूस आत का आहे, ते कुणाला सांगायलासुद्धा लाज वाटते. चोरी नाही, दारू नाही, बाई तर नाहीच नाही. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी दोघे भाऊ गणपतीच्या पाटावरून भांडले. देवघर सदूच्या वाटणीला गेलेलं, त्यामुळे गणपती इकडे बसायचा. विठोबाला पासष्टाव्या वर्षी अचानक आठवलं की आपण थोरले आहोत. तो आला आणि पाट उचलून न्यायला लागला. सदूने दुसरं टोक धरलं. पडवीत ओढाओढी झाली, विठोबाचं कपाळ फुटलं, सात टाके पडले. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं, आणि पोलिसांनी विचारल्यावर विठोबा बोलला, "सद्यानं मारला." पंचनाम्यात लिहिलं गेलं, लाकडी पाट एक, लाल रंगाचा, वजन अंदाजे चार किलो. कायद्याच्या भाषेत तो पाट घातक हत्यार ठरला आणि पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात जाऊन पडला. त्या वर्षी बाप्पा प्लास्टिकच्या स्टुलावर बसले.

बरं, तेही मिटलं. दसऱ्याला गावकी बसली. आमच्याकडे पद्धत अशी की ज्याच्यावर बोट आहे त्याने गावकीपुढे नारळ ठेवायचा आणि चुकलो म्हणायचं. खरं कोण चुकलं याच्या खोलात कुणी शिरत नाही, शिरलं तर अख्खं गाव नारळ घेऊन रांगेत उभं राहील. सदूने नारळ ठेवला, चुकलो म्हणाला, नारळ फुटला, दोघा भावांनी एकमेकांच्या तोंडात खोबरं घातलं. विषय संपला. इतका संपला, की कोर्टाच्या तारखेचा कागद आला तेव्हा सदूने तो वाचला, घडी घातली आणि पेटीत ठेवला. "सरकारला अजून मिटल्याचं कळलं नसेल," म्हणाला. विठोबानेही मान डोलावली. फिर्यादी आणि आरोपी दोघांचं एकमत झाल्यावर कोर्ट मधे कशाला कडमडतंय, असा त्यांचा सरळ हिशेब. अशा तीन तारखा पेटीत गेल्या. जूनमध्ये पोलीस वॉरंट घेऊन आले, तेव्हा सदू चिखलात उभा राहून भाताची पेर करत होता. पाय धुवायला वेळ दिला, एवढी माणुसकी दाखवली.

"सुचिते," भिंतीपलीकडून विठोबाचा आवाज आला, "तुझ्या सासूला सांग, सद्या बोलतो ते बरोबर हाय. कबूल करून मोकळा होऊ दे."

पोलिसांत नाव घेतल्यापासून आवडाबाई थोरल्या दिराशी बोलत नव्हती. गावकीचा निकाल पुरुषांसाठी असतो असं तिचं मत. "सुचिता," ती म्हणाली, "भिंतीला सांग, तुझा सल्ला कुणी मागितला न्हाय."

एवढ्यात भिंतीवाल्यांचा रितेश मागच्या दाराने आत आला. विठोबाचा मुलगा, नवी मुंबईत असतो, श्रावणातली पूजा आटपून संध्याकाळी परत निघणार होता. "काकी, टेन्शन काय घेतेस? काकाने कबूल केलं ना, मॅटर क्लोज! दोन महिने काढलेत, उतनेपर छोड देंगे. माझ्या ऑफिसमधल्या एकाच्या मेव्हण्याला असंच सोडलं."

"त्यानं काय केलेलं?"

"सिग्नल तोडलेला."

ओंकार दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आवडाबाईचा मुलगा, स्वभावाने बापावर गेलेला, म्हणजे दोन माणसं एक बोलली की तिसरा हाच. लावणीसाठी कंपनीतून घेतलेली रजा संपली होती, कंबर अजून सरळ होत नव्हती. "आये, मला पण वाटतं आता बास झालं," तो म्हणाला. "केस चालली तर वर्षं जातील. प्रत्येक तारखेला मी कुठं रजा टाकू?"

"तुझा बाप आत हाय नि तुला रजेची पडलीय?"

"तसं न्हाय गं..."

"तसंच हाय."

सुचिता इतका वेळ गप्प होती. ती गप्प असली की घरातल्यांना बरं वाटत नाही, कारण ती नंतर बोलते. "मैत्रीला विचारू," ती म्हणाली आणि कुणी हो म्हणायच्या आत तिने फोन लावला. मैत्री म्हणजे सदूची वकील. शेजारच्या गावच्या बौद्धवाडीतली, तळा गावच्या शाळेत सुचिताच्या बाकावर बसलेली, आता कोर्टातून गरिबांना फुकट मिळणारी वकील. फुकट मिळते म्हणून रितेशचा तिच्यावर विश्वास नव्हता.

मैत्रीने सगळं ऐकून घेतलं आणि एक मोठा श्वास सोडला. "सुचिता, मी हे तुझ्या सासऱ्यांना जेलमध्ये जाऊन दोनदा सांगितलंय. कोर्ट म्हणजे गावकी नाही. गावकीत चुकलो म्हटलं की प्रकरण संपतं. कोर्टात कबूल म्हटलं की गुन्हा शाबित होतो. मग साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही, काही नाही. पुढे थेट शिक्षा."

"किती?" आवडाबाईने विचारलं.

"तीन वर्षांपर्यंत. कदाचित काढलेत तेवढ्यावर सोडतील, कदाचित वर्ष देतील. मी शब्द देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही."

"मग आपसात मिटवून टाका ना, मॅडम," रितेश पुढे वाकला.

"या कलमात आपसात मिटत नाही. एकच विचारते. त्यांनी मारलंय का?"

आवडाबाईने पिठाचे हात परातीत झटकले. तिला काही मैत्रीला एकटीला सांगायचं नव्हतं, म्हणून तिने आवाज चढवला. "न्हाय मारला! मी सैपाकघराच्या दारात उभी होते. पाट ह्यांच्या हातात नव्हताच तवा. मी पोलिसांना बी सांगायला गेले, तर म्हणाले, तू बायको, तू दुसरं काय बोलणार? घरी जा."

सगळ्यांनी नकळत भिंतीकडे पाहिलं. भिंत काही बोलली नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच ती अशी गप्प राहिली.

रितेशचा चेहरा मात्र पार बदलला. तो उठला, मागच्या दाराने पलीकडे गेला, आणि तिकडे हळू आवाजात बोलायला लागला. हळू बोलून या घरात उपयोग नसतो हे नवी मुंबईत राहून तो विसरला होता. "पप्पा, खरं सांगा. खोटी कंप्लेंट दिलीत का? हे बाहेर आलं तर उलटी केस तुमच्यावर बसेल. मग तर काकाने कबूल केलेलंच बरं! तुम्ही बुधवारी कोर्टात जाऊच नका."

ओंकारने ते ऐकलं. कंबर दुखत असूनही तो ताठ झाला. "आये," तो म्हणाला, "बुधवारी रजा टाकतो मी."

*

विठोबा त्या तीन दिवसांत धड जेवला नाही.

त्याच्याबद्दल वाईट बोलायला खूप आहे, पण ऐन उमेदीत तो काय चीज होता हे गाव अजून सांगतं. सहा फूट उंच. भाताचं पोतं एका हाताने खांद्यावर टाकायचा. शिमग्याला पालखी त्याच्या खांद्यावर आली की बाकीचे तिघे नुसते लोंबकळायचे. सदू त्याच्या काखेत मावायचा. लहानपणी सदूला कुणी मारलं की विठोबा जाऊन मारणाऱ्याला मारून यायचा, आणि मग परत येऊन सदूला मारायचा, मार खाल्लास म्हणून.

त्या दिवशी पडवीत काय झालं ते त्याला लख्ख आठवत होतं. त्याने सगळा जोर लावून पाट ओढला आणि सदूने सोडला. बस. विठोबा उताणा पडला, पाट स्वतःच्याच हातांनी स्वतःच्याच कपाळावर आला. आणि दारात उभी होती धाकटी भावजय. दवाखान्यात टाके घालताना हवालदाराने विचारलं, "कोणी मारलं?" पासष्ट वर्षांच्या विठोबाला, पालखीच्या मानकऱ्याला, सांगायचं होतं काय? मी पडलो? पाटाखाली आलो? त्याच्या तोंडून सद्याचं नाव गेलं. एक शब्द पुढे गेला आणि त्याच्यामागून पंचनामा, वॉरंट, जेल असं सगळं चालत गेलं, आणि मग तो शब्द मागे घ्यायचा तर कुठल्या खिडकीवर जायचं हेच त्याला माहीत नव्हतं. गावकीत सदूने चुकलो म्हटलं तेव्हा तर त्याला जवळजवळ पटलंच होतं, की सदूनेच मारलं असेल.

बुधवारी सकाळी तो एसटीच्या थांब्यावर आला. रितेशने फोनवर तीनदा बजावलं होतं, तरी आला. आवडाबाई, ओंकार, सुचिता आधीच उभे होते. आवडाबाई त्याच्याकडे पाठ करून होती. मग ती वळली, सरळ त्याच्यासमोर आली, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"भावजी, मी तिथं होते."

विठोबाने मान खाली घातली.

"तुमची लाज मी राखली. गावात एका बाईला बोलले न्हाय की थोरले स्वतःच्या हातानं पडले. मला वाटलं, आज न्हाय उद्या स्वतः बोलतील. ह्यांनी आत दोन महिने काढले, लावणी होऊन गेली, तुम्ही बोलला न्हाय. आज ते तिकडं कबूल बोलणार. तुम्ही बाकड्यावर बसून ऐका. मला बघायचंय तुम्हाला कसं ऐकवतं ते."

एसटी आली. चौघे चार सीटवर बसले.

*

तिकडे जेलमध्ये कॅमेऱ्याच्या खोलीबाहेर सात जण रांगेत बसले होते. सदूचा नंबर पाचवा. शेजारी भावेश होता, मोबाईल चोरण्यात मुरलेला, वय तीस, आणि कायद्याचा त्या बराकीतला सगळ्यात मोठा जाणकार.

"चाचा, परत सांगतो," भावेश म्हणाला. "कबूल बोलायचं, हात जोडायचे, दया करा बोलायचं. गोष्ट सांगायची नाय. गोष्ट सांगितली की तारीख पडते. मी अकरा वेळा कबूल केलंय."

अकरा वेळा कबूल करूनही हा अजून इथेच कसा, हा विचार सदूच्या डोक्यात आला नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. काल रात्री भावेशच बोलता बोलता म्हणाला होता, की फिर्यादी खोटा निघाला तर त्यालाही आत टाकू शकतात. सदूला वाटलं होतं आपण साध्या गोष्टीसाठी कबूल बोलतोय, घरी जायला, गणपतीला. पण ते ऐकल्यावर त्याला झोप लागली नाही. दादा इथे? पालथ्या हाताने डाळ वाढतात तिथे? रांगेत उभं राहून संडासाला जाणार दादा? दादा दोन दिवसांत कुणाचं तरी डोकं फोडेल, आणि मग खरंच फोडेल.

"पाच नंबर!"

जमिनीवर खडूने चौकोन आखलेला होता, त्यात उभं राहायचं. समोर पडदा. पडद्यात कोर्ट एवढंसं दिसत होतं, मधे उंचावर न्यायाधीशबाई, बाजूला मैत्री. मैत्री म्हणाली, "मॅडम, आरोपीशी दोन मिनिटं बोलू द्या." परवानगी मिळाली, पण आवाज असा तुटत होता की सदूला फक्त "नाही म्हणा" एवढं ऐकू आलं. काय नाही म्हणायचं ते कळलं नाही. आणि कळलं असतं तरी त्याचं ठरलेलं होतं.

न्यायाधीशबाईंनी आरोप वाचून दाखवला. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, लाकडी पाटाने थोरल्या भावाच्या डोक्यावर मारून दुखापत केली. "समजलं का?"

"समजलं, मॅडमसाहेब."

"गुन्हा कबूल आहे का?"

"कबूल हाय. मीच मारला. चुकलो. दया करा," सदूने एका दमात म्हणून टाकलं आणि हात जोडले. भावेशने दारातून अंगठा दाखवला.

इकडे कोर्टात शेवटच्या बाकावर आवडाबाईने पदर तोंडात धरला. सुचिताने तिचा हात घट्ट पकडला. मैत्री उभी राहिली होती, पण न्यायाधीशबाईंनी तिला हातानेच थांबवलं. बाई नव्या होत्या, घाईच्या नव्हत्या.

"तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?"

"न्हाय."

"या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती मी देऊ शकते. हे माहीत असून कबूल करताय?"

तीन वर्षं. हा आकडा सदूच्या कानात कुणी घातला नव्हता, किंवा घातला असेल तर त्याने घेतला नव्हता. त्याचे जोडलेले हात थोडे खाली आले. मग हात परत वर गेले. "व्हय," तो म्हणाला, "तरी बी कबूल."

आवडाबाईच्या तोंडून आवाज फुटला. ओंकार उभा राहिला, शिपायाने त्याला खाली बसवलं.

"मग काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "कसं मारलंत?"

गोष्ट सांगायची नाही असं भावेशने बजावलं होतं. पण विचारल्यावर काय करणार? सदूने आयुष्यात कधी कुणाला मारलं नव्हतं, त्यामुळे त्याने मनाला येईल तसं मारलं. "पाट दोन्ही हातांनी धरला. असा वर उचलला, डोक्याच्या वर. आणि दादाच्या डोक्यात घातला. दादा गयावया करत होता, मी ऐकलं न्हाय. परत घालणार होतो, पण दादा पाया पडला..."

"कोणाच्या पाया पडला?"

हा आवाज न्यायाधीशबाईंचा नव्हता. शेवटच्या बाकावरून सहा फूट माणूस उठला होता. "कोण पाया पडला रे? मी? तुझ्या?"

"खाली बसा!" शिपाई धावला.

"साहेब, खोटं बोलतोय तो! ह्याच्यानं कोंबडी कापवत न्हाय, शेजारचा बोलवावा लागतो! हा पाट वर उचलणार नि माझ्या डोक्यात घालणार? काय शिडी लावून घातला काय? बघा तो केवढा, मी केवढा!"

कोर्टात हशा पिकला. पक्षकार हसले, दोन वकील हसले, कारकुनाने तोंड फाईलमध्ये घातलं.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"फिर्यादी."

हशा एकदम थांबला.

"दादा, गप बस!" पडद्यातून सदू ओरडला. "कबूल केलंय मी, तू मधे पडू नको!"

"तू गप! साठ वर्षांत एकदा तरी हात उचललास माझ्यावर? आज चार लोकांत सांगतोस मी पाया पडलो?"

"मग काय सांगू? तू ओढत होतास, मी सोडला, हे सांगू?"

"का सोडलास? एवढ्यात सोडलास? मी जोर लावला नि तू सोडलास, माणूस पडणार न्हाय तर काय करणार?"

"माझा हात दुखला म्हणून सोडला! दम लागला! मला काय म्हायती तू स्वतःच्या कपाळावर मारून घेशील!"

न्यायाधीशबाईंनी टेबलावर पेन आपटलं. दोघे भाऊ, एक पडद्यात आणि एक बाकड्यापुढे, तोंड उघडं ठेवून थांबले. आपण काय बोलून बसलो ते त्यांना हळूहळू कळत गेलं. विठोबाला आधी कळलं. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं, टाक्यांच्या खुणेसकट.

"आरोपी," न्यायाधीशबाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही मारला की सोडला?"

सदूने पडद्यात इकडे तिकडे पाहिलं. दारातून भावेश कपाळावर हात मारत होता. "सोडला, मॅडमसाहेब," तो म्हणाला. "पण मी सोडला म्हणूनच दादाला लागलं ना? रक्त आलं. मग चूक माझीच झाली की न्हाय? दादाला काय करू नका. मी कबूल हाय."

बाईंनी समोरचा आरोप पुन्हा एकदा वाचला. मग कारकुनाला लिहायला सांगितलं. आरोपी कबूल म्हणतो, पण तो जे सांगतो त्यात गुन्हा दिसत नाही. सबब ही कबुली स्वीकारता येत नाही. आरोपीने गुन्हा नाकबूल केल्याची नोंद करावी. खटला साक्षीपुराव्यासाठी ठेवावा. "फिर्यादी," त्या विठोबाकडे वळल्या, "आज तुमची साक्ष नाही. ज्या दिवशी असेल त्या दिवशी शपथेवर खरं बोला. त्याचे परिणाम काय होतील ते वकिलांना विचारून या."

"मी कबूल बोललो की ओ!" पडद्यात सदू रडकुंडीला आला. "नाकबूल कसं लिवलं?"

मैत्रीने तोपर्यंत पिशवीतून जामिनाचा अर्ज काढला होता. तो तिने आदल्या दिवशीच तयार ठेवला होता. सरकारी वकिलांनी खांदे उडवले. तारखांना का आला नाहीत, असं बाईंनी विचारलं तेव्हा सदूने नारळापासून पेटीपर्यंत सगळं सांगितलं, आणि बाईंनी ते अर्धंच ऐकलं. जामीन मंजूर. अट एकच, जबाबदारी घेणारा स्थानिक जामीनदार हवा, नावावर जमीन असलेला. पुढच्या तारखेला आरोपी आला नाही तर त्या जामीनदाराला धरणार.

बाहेर कारकुनाच्या टेबलापाशी सगळे गोळा झाले. ओंकारच्या नावावर गुंठाही नव्हता. सुचिता गावातल्या एकेकाचं नाव घेत होती, कोण येईल, कोण चार दिवस लावेल. आवडाबाई भिंतीला टेकून मुकाट रडत होती. तिला काही सुचत नव्हतं, तिच्या डोळ्यांपुढे ते जोडलेले हात होते.

विठोबा पुढे आला. बंडीच्या खिशातून त्याने सातबारा काढला. सकाळीच घेऊन आला होता. कशासाठी घेतला ते त्यालाही सकाळी नीट माहीत नव्हतं.

कारकुनाने चष्मा लावून उतारा वाचला. "अहो, या जमिनीवर आरोपीचं पण नाव आहे."

"असणारच. बापाची हाय. घर वाटलं, जमीन कुठं वाटली?"

"तुमचा हिस्सा धरतो मग. नाव सांगा."

त्याने नाव सांगितलं. कारकून लिहीत गेला आणि एका रकान्यापाशी थांबला. "आरोपीशी नातं?"

"भाऊ."

"फिर्यादीचं नाव आणि तुमचं नाव एकच दिसतंय."

"मीच तो."

कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि मैत्रीकडे पाहिलं. मैत्री म्हणाली, "कायद्यात कुठे मनाई नाही. लिहा."

"मनाई नसेल, पण बाबा, तुम्हाला समजतंय ना काय करताय?" कारकून विठोबाला म्हणाला. "तो पळाला तर पोलीस तुमच्या दारात येतील. तुम्हाला आत टाकतील."

"टाकू द्या की," विठोबा म्हणाला. "दोन महिने माझ्या जागेवर त्योच बसलाय."